नट आणि ढोंगी

नव्या करारात ढोंगी मनुष्यासाठी जो मूळ ग्रीक शब्द योजिला आहे तो ‘हिपोक्रितेस’ असा आहे. दान करताना पुढे कर्णा वाजविणाऱ्यास मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात हेच नाव दिलेले आढळते. परंतु हाच शब्द त्याच्या चार-पाचशे वर्षे आधी अथेन्स नगरीत नटाचे नाव म्हणून रूढ होता, आणि तेथे तो निंदेचा नव्हता. यावरून नट आणि ढोंगी हे एकच, असा निष्कर्ष पुष्कळ भाविक माणसे काढतात. तो कितपत खरा आहे हे पाहावयाचे तर नट हा प्राणी जगात आला कसा, हे प्रथम पाहिले पाहिजे.

अथेन्समध्ये डायोनायसस दैवताच्या उत्सवात अक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर लोक बसत, आणि खाली मोकळ्या वर्तुळात गायकांचा वृंद नाचत-गात असे. दैवताची स्तोत्रे आणि पुराणकथा सर्वांनी मिळून गावयाच्या, एवढेच त्याचे आरंभीचे रूप. शोकनाट्य हे अशा वृंदगीतांच्या अग्रणी गायकांपासून निघाले, असे ॲरिस्टॉटल आपल्या ‘काव्यशास्त्रा’त सांगतो. इ. स. पू. ५३४ च्या सुमारास थेस्पिस नावाचा पुरुष वृंदातून बाहेर पडला व कथेतील पात्र होऊन वृंदाशी बोलू लागला, अशी परंपरा आहे. पुढे एस्किलसने दुसरा नट आणिला, आणि सोफोक्लीसने तिसरा. वृंदाचे गाणे हळूहळू कमी होत गेले आणि संभाषण वाढत गेले. ‘हिपोक्रितेस’ या शब्दाचा एक मूळ अर्थ विद्वान ‘उत्तर देणारा’ असाच सांगतात. एक बोलला आणि दुसऱ्याने उत्तर दिले, येथे नाटकाचा जन्म झाला.

विद्यार्थिमित्रांनो, ही पायरी डोळ्यांनी पाहावयाची असेल तर अथेन्सला जाण्याचे कारण नाही. आपल्या परभणी जिल्ह्यात लग्नकार्यानंतर रात्री गोंधळ घालतात, तो तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. गोंधळमहर्षी राजारामभाऊ कदम हे परभणीचेच. दिवटी पेटलेली, संबळ व तुणतुणे वाजते आहे. प्रथम देवदेवतांना गोंधळास येण्याचे आवाहन होते, मग मुख्य गोंधळी आख्यान लावतो. तो निवेदन करीत असता जोडीदार मध्येच त्यास अडवून प्रश्न करतो, शंका काढतो, वेळी कथेतील पात्र होऊन बोलतो. जोवर मुख्य गोंधळी एकटा गात असतो, तोवर ती कथा असते. जोडीदार बोलू लागला की तिचे नाट्य होते. त्या विधीत माझी उपासना नाही. तथापि माणसाच्या बुद्धीने दूरच्या दोन देशांत एकच वाट कशी काढली, हे पाहून मला नेहमी नवल वाटते.

मराठी रंगभूमीचा इतिहासही हेच सांगतो. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. त्या तऱ्हेच्या नाटकांत पद्ये म्हणावयाची ती सूत्रधाराने आणि पात्रांनी त्यास धरून समयस्फूर्तीने बोलावयाचे, अशी रीत होती. १८८० साली पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ झाले, त्यात पात्रे स्वतःच गाऊ लागली. सूत्रधाराच्या कंठातील गाणे पात्रांच्या मुखी येण्यास आपल्याकडे सदतीस वर्षे लागली.

आता ढोंगाचा आक्षेप. तो नवा नाही. प्लेटोने आपल्या आदर्श नगराच्या वर्णनात अनुकरण करणाऱ्या कवींना थारा दिला नाही. भित्र्याचे वा दुष्टाचे अनुकरण करता करता तो स्वभाव अंगी मुरेल, अशी त्यास भीती होती. त्याचा शिष्य ॲरिस्टॉटल याने गुरूचे नाव न घेता निराळे मत मांडिले. अनुकरण हे मनुष्यास बालपणापासून स्वाभाविक असून तो पहिले धडे अनुकरणानेच शिकतो; आणि शोकनाट्य पाहून जी करुणा व जी भीती मनात उठते, तिच्याद्वारे त्या भावनांचे विरेचन होते, असे त्याचे म्हणणे. कथानकास तो शोकनाट्याचा आत्मा म्हणतो, आणि नेपथ्यादी देखाव्यास कलेच्या दृष्टीने सर्वांत खालचे स्थान देतो.

गुरुशिष्यांचा हा वाद आमच्या शाळेतही एकदा उभा राहिला. स्नेहसंमेलनासाठी सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’तील एक प्रवेश आम्ही मराठीत बसविला होता. क्रिऑन राजाने आपल्या भाचीस, अँटिगनीस, भावाच्या प्रेतास मूठमाती दिल्याबद्दल मृत्युदंड फर्माविला आहे. आणि तिच्याशी ज्याचा विवाह ठरला आहे तो राजपुत्र हायमॉन बापाची समजूत घालावयास येतो, असा तो प्रसंग. हायमॉनचे काम ज्या मुलास दिले, त्याचे वडील माझ्याकडे आले आणि म्हणाले, “मास्तर, जे मनात नाही ते तोंडाने बोलावयास माझ्या मुलाला शिकवू नका.” गृहस्थ शेतकरी, वृत्तीने सरळ. पुढील शिक्षणाच्या प्रश्नावरून त्या बापलेकांत बरेच दिवस अबोला आहे, हे मला ठाऊक होते. मी वाद केला नाही. “एकदा येऊन पाहा, मग सांगाल तसे करू,” एवढेच म्हणालो.

ते तालमीस आले व मागील बाकावर बसले. हायमॉन आरंभी बापाचा मान राखून बोलतो. नगरातील लोक काय म्हणतात ते सांगतो. पुराच्या पाण्यापुढे वाकणारी झाडे तगतात आणि ताठ राहणारी समूळ जातात, असा दाखला देतो. गोदाकाठच्या माणसास हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. क्रिऑन ऐकत नाही, आणि शेवटी पुत्र व पत्नी दोघांसही मुकतो. तालीम संपल्यावर ते गृहस्थ मला म्हणाले, “पोरगा इतक्या अदबीने सांगत होता, तरी बापाला ऐकू का आले नाही?” मुलाचे काम काढून घ्या, असे मात्र ते म्हणाले नाहीत. पुढे त्या घरी काय ठरले, ते येथे सांगण्याचे कारण नाही. बापलेक एकमेकांशी बोलू लागले, एवढे पुरे.

म्हणून माझे मत असे आहे की, शुभवर्तमानात ज्याचा निषेध आहे तो रंगभूमीवरील नट नव्हे. अथेन्सचा नट मुखवटा लावी तो उघडपणे, आणि हे अनुकरण आहे हे पाहणाऱ्यास पक्के ठाऊक असे. ढोंगी मनुष्य रंगभूमी सोडून रस्त्यात, घरात, प्रार्थनेतही मुखवटा लावून वावरतो आणि तो नाहीच असे भासवितो. स्वतः पौलानेही करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात, मेनँडर या ग्रीक विनोदी नाटककाराचे म्हणून परंपरेने मानलेले एक वचन निःसंकोच घेतले आहे.

सोफोक्लीसने शंभरांहून अधिक नाटके लिहिली; त्यांपैकी अवघी सात पूर्ण उरली आहेत. ‘अँटिगनी’प्रमाणेच त्याचे ‘ईडिपस’ही त्यांत आहे. या दुसऱ्या नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी मराठीत ‘राजा ओयदिपौस’ केले, आणि ॲरिस्टॉटलचे ‘काव्यशास्त्र’ विंदा करंदीकरांनी १९५७ साली मराठीत आणिले. ही पुस्तके तुम्ही अवश्य वाचावीत. वाचताना एकट्याने मनात न वाचता दोघा-तिघांनी पात्रे वाटून घेऊन मोठ्याने वाचावीत. ज्याचे म्हणणे आपणास मुळीच पटत नाही, त्याचीच वाक्ये आपल्या वाट्यास घ्यावीत. दुसऱ्याच्या जागी उभे राहून त्याच्या वतीने प्रामाणिकपणे उत्तर देणे किती कठीण आहे, हे तेव्हा कळेल. आणि ज्यास ते साधले, त्यास स्वतःच्या जागी उभे राहून खरे उत्तर देणेही जड जाणार नाही.