शेरूचे नखरे

आमच्या गल्लीतला शेरू मोमिनपुऱ्याच्या कबाबांवर पोसलेला. पोळी हुंगून पाठ फिरवायचा. नवाबच! मी कांदा-लसणाविना (दोन्ही कुत्र्याला विषच) मटण उकळून त्या कोमट पाण्यात पोळी कुस्करू लागले. वीस मिनिटांत खाल्ले नाही की भांडे उचलायचे. तिसऱ्या दिवशी जमले.

तोच ऑक्टोबर 2022 मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने बजावले, मोकाट कुत्र्यांना खाऊ घालायचे तर दत्तक घ्या, घरी घाला. अम्मी पाच वक्तांची नमाजी. घरात कुत्रा कसा? पण तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजल्याची हदीस तिला पाठ. तिनेच अंगणात भांडे ठेवले. शेरू घास तोंडात धरून फाटकाबाहेर नेई, तिथेच खाई. नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. ऑगस्ट 2025 मध्ये वॉर्डावॉर्डांत जागा ठरवायला सांगितले. शेरूची जागा ठरलेलीच. भांडे अम्मी घासते, वेगळ्या नळावर.