सांडवा

शाळेत असताना एक हौद आमच्या पाठीस लागला होता. एक नळ तो चार तासांत भरी, दुसरा सहा तासांत रिकामा करी. दोन्ही एकदम सोडले असता हौद केव्हा भरेल, हे सांगण्याची जबाबदारी मात्र आमच्यावर येई. पुढे नोकरीच्या स्पर्धापरीक्षेतही तोच हौद पुन्हा भेटला. भरणारा नळ चालू असताना रिकामा करणाराही सोडून ठेवणारा हा गृहस्थ कोण असावा, याचे कोडे आम्हांस कित्येक वर्षे उलगडले नाही. कोलकात्यास बदली होऊन आल्यावर ते उलगडले. तो गृहस्थ आम्हीच होतो.

बागबाजारजवळच्या गॅलिफ स्ट्रीटवर रविवारी सकाळी मासे, पक्षी आणि रोपटी यांचा बाजार भरतो. तेथून आम्ही चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी काचेची मत्स्यपेटी आणली. पाणी गाळण्यासाठी पेटीखालच्या कपाटात दुसरी लहान टाकी ठेवावी, वरचे पाणी नळीने खाली यावे, स्पंजातून गाळून निघावे आणि पंपाने पुन्हा वर जावे, अशी ही योजना होती. योजना उत्तमच, परंतु वरचे पाणी खाली आणण्याकरिता आम्ही शाळेतल्या विज्ञानाच्या भरवशावर एक वक्रनलिका लावली, तिला एक चावी बसविली, पंपाच्या नळीलाही एक बसविली, आणि दोहोंचा मेळ घालावयास बसलो.

मेळ काही बसेना. चावी केसभर आवळली की पाणी काठाकडे चढे. केसभर सैल केली की पेटी ओसरू लागे. कचेरीत आवक-जावक सांभाळण्यात ज्याची दहा वर्षे गेली, त्याला दोन नळ सांभाळता येऊ नयेत, याची आम्हांस मनस्वी शरम वाटली. शेवटी घड्याळ आणि बादली घेऊन मोजणी केली. पंपाच्या खोक्यावर ताशी ३००० लिटर असे छापलेले होते. परंतु तो आकडा पाणी मुळीच वर चढवावयाचे नसताना लागू पडणारा. पेटीच्या उंचीवर १० लिटरची बादली भरावयास २० सेकंद लागत, म्हणजे ताशी १८०० लिटर. आता या दोन प्रवाहांत शंभरात एकाचा फरक राहिला, तरी तासाला १८ लिटरांची तफावत पडते. आमच्या पेटीत एक इंच पाणी म्हणजे सुमारे १४ लिटर. तेव्हा नळीत शेवाळाचा एक पापुद्रा अडकला, तरी तासाभरात पाणी सव्वा इंच वर किंवा खाली जाणारच! इतका सूक्ष्म मेळ घालणारा हात ब्रह्मदेवाने कोणाही कारकुनाला दिलेला नाही.

हा हिशेब कळूनही चावीशी झटापट चालूच होती. अखेर एप्रिलमधल्या एका संध्याकाळी कालबैसाखीचे वादळ आले आणि वीज गेली. घरी कोणी नव्हते. पंप थांबला, वक्रनलिका मात्र थांबली नाही. तिचे तोंड पाण्याखाली तीन इंच होते. तेवढे, म्हणजे सुमारे ४० लिटर पाणी खाली उतरले. खालच्या टाकीत जागा होती २५ लिटरांची. उरलेले जमिनीवर गेले. मग नळीत हवा शिरून ती बंद पडली, आणि वीज परत आली. पंपाने इमानेइतबारे पाणी वर चढविण्यास प्रारंभ केला, नळी मेलेली, पेटी काठोकाठ भरून वाहू लागली.

आम्ही परतलो तेव्हा दारात काकाबाबू उभे होते. पाटबंधाऱ्यांच्या कामात हयात घालवून आता मुलाकडे राहणारे हे खालच्या मजल्यावरील वृद्ध गृहस्थ. त्यांनी प्रथम विचारले, "माछगुलो बेंचे आछे तो?" मासे जिवंत होते. मग ते आम्हांस खाली घेऊन गेले. छतातून ठिबकलेले पाणी त्यांच्या वडिलांनी बांधून ठेवलेल्या 'प्रवासी' मासिकाच्या जुन्या खंडांवर पडले होते. १९०१ साली रामानंद चट्टोपाध्यायांनी अलाहाबादेत, बंगालबाहेर राहून सुरू केलेले हे मासिक. परमुलखात राहून आपल्या भाषेचे मासिक वाचणाऱ्या आम्हांस ती भिजलेली पाने पाहून काय वाटले असेल, ते वाचकांस सांगावयास नको. पुढचे आठ दिवस आमच्या व्हरांड्यात ती पाने टिपकागद घालून वाळत होती. तीन खंडांची शाई पसरली ती पसरलीच.

त्या आठ दिवसांत काकाबाबू रोज सायंकाळी पाने उलटावयास वर येत. चौथ्या दिवशी त्यांची नजर आमच्या यंत्ररचनेवर पडली. "धरण बांधलेत आणि सांडवा ठेवला नाहीत?" ते म्हणाले. मग, तुम्ही महाराष्ट्रातले ना, असे म्हणून त्यांनी आम्हांस खडकवासल्याची गोष्ट सांगितली. विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली तेथे बसविलेली दारे पाणी ठराविक पातळीच्या वर गेले की आपोआप उघडत आणि पूर ओसरला की आपोआप मिटत. आमचे शिक्षण पुण्यास झाले. खडकवासल्यास सहली किती केल्या, याची गणती नाही. त्या दारांची हकीकत मात्र आम्हांस एका बंगाली गृहस्थाकडून कळावयाची होती.

त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मागच्या काचेला भोके पाडून घेतली आणि आत फूटभर लांबीच्या काठाची एक चौकट बसविली. आता पाणी त्या काठावरून सांडते. पंपाने अधिक दिले तर पाण्याची पातळी थोडी चढते आणि तितकेच अधिक सांडते. कमी दिले तर उतरते. दुप्पट पाणी जाण्यास काठावरची उंची दुप्पट व्हावी लागत नाही, दीडपटीहून किंचित अधिक पुरते. सध्या ती जेमतेम एक सेंटिमीटर आहे. मेळ आम्ही घालीत नाही, तो पडतो. चौकटीतून दोन नळ्या खाली जातात. पहिलीवर चावी आहे खरी, पण ती केवळ रात्रीची गडगड थांबविण्यापुरती: ती इतकी आवळावयाची की पहिली नळी पाण्याने पूर्ण भरून मुक्याने वाहावी, आणि उरलेली एक बारीक धार उघड्या असलेल्या दुसऱ्या नळीत पडावी. पहिली तुंबलीच, तर सगळा भार दुसरी घेते. पंपाच्या नळीला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक छिद्र पाडले आहे, म्हणजे पंप थांबताच त्यातून हवा शिरते आणि त्या नळीने पाणी उलटे उतरत नाही. बाष्प होऊन उडालेल्या पाण्याची तूट वर दिसतच नाही. ती पंपाच्या कप्प्यात दिसते, आणि तेथे रोज तांब्याभर पाणी घातले की काम भागते.

वीज न जाताच आम्ही पंप बंद करून पाहिला. काठावरचे पाणी खाली आले, टाकी चढली आणि थांबली. जेथे थांबली तेथे काकाबाबूंनी लाल रंगाची रेघ ओढली. काठ तिच्या चार बोटे वर राहिला.

मे महिन्यात पुन्हा वादळ झाले आणि दिवे गेले. काकाबाबू विजेरी घेऊन वर आले. अंधारात आम्ही दोघे टाकीसमोर मांडी घालून बसलो. पाणी रेघेपर्यंत आले आणि स्थिर झाले. पाऊण तासाने वीज आली, पंप घुमला, काठावरून पाणी पुन्हा सांडू लागले, आणि थोड्या वेळाने दुसऱ्या नळीतली बारीक धारही ऐकू येऊ लागली. आम्ही विजयी मुद्रेने शेजारी पाहिले. काकाबाबू आपले छत पाहण्यास केव्हाच खाली निघून गेले होते.