विजयदुर्ग

साताऱ्यात राहणाऱ्या माणसास किल्ल्याचे नवल ते काय असावयाचे! दार उघडले की अजिंक्यतारा समोर उभाच. परंतु ज्या शिलाहार राजा दुसऱ्या भोजाने हा गड बांधला असे परंपरा सांगते, त्याच भोजाने वाघोटण खाडीच्या मुखाशी आणखी एक दुर्ग वसविला, अशीही परंपरा आहे. तोच हा विजयदुर्ग. पन्हाळ्यावरून राज्य करणाऱ्या त्या राजास डोंगर आणि दर्या ही एकाच घराची दोन दारे वाटत असली पाहिजेत. 1212 च्या सुमारास यादव सिंघणाने त्याचे राज्य बुडविले, किल्ले राहिले. यंदा माघात सांगलीच्या एका जुन्या स्नेह्यांसह गगनबावड्याचा घाट उतरून, तळेऱ्यावरून आम्ही हा किल्ला पाहून आलो.

पूर्वी यास घेरिया म्हणत. शिवछत्रपतींनी तो आदिलशाहीकडून घेतला आणि विजयनाम संवत्सरावरून त्याचे नाव ठेविले, असे तेथे सांगतात. पंचांगाचे गणित पाहता शके 1575, म्हणजे 1653 साल, हे विजय संवत्सर खरेच. पण संवत्सर जुळले म्हणून इतिहास जुळलाच असे होत नाही. कल्याण-भिवंडी महाराजांकडे आली ती 1657 अखेर. त्याआधी चार वर्षे इतक्या दक्षिणेस त्यांचा अंमल कसा बसला, हा प्रश्न उरतोच. किल्ल्यास आजचे भव्य रूप त्यांच्या काळी आले, याविषयी मात्र मतभेद ऐकिवात नाही.

गोमुखी दरवाजा अगदी जवळ जाईतो दिसत नाही. आत शिरले की जांभ्या दगडाची तीन पदरी तटबंदी, ढीग करून ठेविलेले तोफगोळे आणि माजलेले गवत. एके काळी किल्ल्याच्या चारी बाजूंस पाणी होते. आज गावातून पायी जाता येते. 2020 च्या पावसाळ्यात तटाचा काही भाग ढासळला, तेव्हा पुष्कळ ओरड झाली. दुरुस्तीचा नवा जांभा तांबडालाल आहे आणि जुना काळवंडलेला, त्यामुळे ठिगळ ओळखू येते. स्नेह्यांस ते खटकले. आम्हांस बरे वाटले. जुने किती आणि नवे किती हे पाहणाऱ्यास कळू देणारी डागडुजीच प्रामाणिक. 2025 साली जागतिक वारसा म्हणून जे बारा मराठा किल्ले मान्य झाले, त्यांत आमच्या जिल्ह्यातील प्रतापगडाबरोबर हाही आहे. तेव्हा आता हयगयीस सबब उरलेली नाही. समुद्राखाली सुमारे 122 मीटर लांबीची एक बुडालेली भिंतही आढळली आहे; शत्रूची गलबते तीवर आपटून फुटावीत हा तिचा हेतू, असे सांगतात.

पश्चिमेच्या बुरुजावर बसलो असता बोलणे 1756 वर आले, आणि तेथे आम्हां दोघांचे जमले नाही.

हकीकत थोडक्यात अशी. कान्होजी आंग्र्यांचे सरखेलपद शाहू महाराजांनी कायम केले. पेशवाईची वस्त्रेही त्याच साताऱ्याच्या गादीची. कान्होजी 1729 त वारले. पुढे त्यांचे पुत्र तुळाजी आणि नानासाहेब पेशवे यांचे विकोपास गेले, आणि नानासाहेबांनी मुंबईकर इंग्रजांस हाताशी धरिले. फेब्रुवारी 1756 मध्ये वॉटसन आरमार घेऊन आला, क्लाईव्ह पायदळ घेऊन उतरला. आंग्र्यांनी पूर्वी धरून आणिलेल्या रिस्टोरेशन नावाच्या इंग्रजी जहाजावर गोळा पडून आग लागली आणि तीत आंग्र्यांचे सारे आरमार जळाले. त्या नावाचा अर्थ पुनःस्थापना! 13 तारखेस किल्ला पडला. सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली, आणि ठरल्याप्रमाणे किल्ला पेशव्यांच्या हवाली करण्यास ऑक्टोबरपर्यंत लाविले.

स्नेही म्हणाले, "मास्तर, तुळाजी काही साधू नव्हता. पंत अमात्य, वाडीचे सावंत, कोणास सुखाने राहू दिले त्याने? राज्य एक म्हटले की हुकूमही एकच पाहिजे."

म्हणणे खोटे नाही. बंडखोर सरदारास वठणीवर आणणे हे पेशव्यांचे कामच होते, आणि तुळाजीस त्यांनी जन्मभर कैदेत ठेविले त्याचेही आम्हांस फारसे वाटत नाही. पण घरातील भांडणात परक्याची तोफ आणावी, आणि जळावे ते आपल्याच राज्याचे आरमार? आमच्या घरांतून नानासाहेबांचे नाव आदराने घेतात आणि ते योग्यच आहे. तथापि या एका कृत्याचे समर्थन आम्हांस करिता येत नाही. विजयदुर्गावर उतरलेला तोच क्लाईव्ह सोळा महिन्यांनी प्लासीस उभा होता.

"मग धुळपांचे काय?" स्नेह्यांनी विचारिले. तेही खरे. पेशव्यांनी येथे पुन्हा आरमार उभारिले, आणि आनंदराव धुळपांनी 1783 त इंग्रजांचे रेंजर जहाज लढून घेतले. पण जे मोडले ते भरून आले असे म्हणवत नाही. 1818 त किल्ला इंग्रजांकडे गेला.

उतरताना 'साहेबाचे ओटे' पाहिले. 1868 च्या खग्रास ग्रहणात लॉकियर साहेबास येथेच हेलियम सापडला, असे छातीठोक सांगण्यात येते. वस्तुतः त्या वर्षी लॉकियर इंग्लंडात होता. तो येथे आला 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणास. 1868 त जान्सेन गुंटूरास, तर हर्शेल घराण्यातील एक अधिकारी जमखिंडीस दुर्बीण लावून बसला होता. जमखिंडी हे आमच्या स्नेह्यांचे आजोळ. बुरुजावरचा वाद विसरून ते परतीच्या वाटेवर गगनबावड्यापर्यंत तेवढेच बोलत होते.