मीटरला काळा दगड कळत नाही

श्रीगोंद्यात लग्नाच्या ऑर्डरी करताना माझं सगळं लक्ष शटरवर असतं. हळद उधळली की १/५०० च्या खाली उतरायचं नाही. भर उन्हात आयएसओ १०० ला एफ १६ आणि १/१२५ हा फिल्मच्या काळापासूनचा हिशोब. लेन्स दोन पायऱ्या उघडून एफ ८ केली की प्रकाश चौपट येतो, म्हणून शटर १/५००. एफ ४ ला १/२०००. कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरच्या लेखी तिन्ही बरोबरच.

भाच्याने कॅमेरा घेतला तेव्हा त्याला पेडगावला नेलं. भीमेकाठचा हा भुईकोट म्हणजे बहादूरगड. आता त्याला धर्मवीरगड म्हणतात. १६८९ साली संभाजीमहाराजांना कैद करून औरंगजेबापुढे आणलं ते इथंच. पोरांना तेवढं माहीत असतं, लक्ष्मीनारायणाच्या देवळाकडे मात्र फारसं कुणी वळत नाही.

देवळात शिरलो तर अंधार. एफ ४ ला मीटर अर्धा सेकंद मागत होतं. हातात धरून एवढ्या वेळात फोटो हलणारच. शिवाय एफ ४ ला पुढच्या खांबावरची नक्षी लख्ख, तर मागचा गाभारा धूसर. दोन्ही हवं तर एफ ११, म्हणजे तीन पायऱ्या बंद आणि वेळ चार सेकंद. ट्रायपॉड लावला. मध्येच एक आजोबा दर्शन घेऊन झपझप निघून गेले. फोटोत ते उमटलेच नाहीत. भाच्याला त्याचंच जास्त अप्रूप!

पण फोटो पाहून तो कुरकुरला, "मामा, मीटरचा काटा मधोमध होता की. मग दगड राखेसारखा का दिसतोय?"

मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून मोजतं. काळा दगड दिसला की त्याला वाटतं प्रकाश कमी पडतोय, म्हणून ते जादा वेळ मागतं. पांढऱ्या धोतर-टोपीतली वऱ्हाडी मंडळी समोर असली की नेमकं उलटं, सगळे मळकट दिसतात. अ‍ॅपर्चर तेच ठेवून वेळ चारावरून दोन सेकंदांवर आणली. खांब काळा झाला, नक्षीच्या कडा उठून आल्या. दाराबाहेरचं ऊन तरीही पांढरं फटक पडलं. ते मी सोडून दिलं. आतला दगड आणि बाहेरचं ऊन एका क्लिकमध्ये मागणं हावरटपणा आहे.

पेडगावला जाणार असाल तर ट्रायपॉड न्या, आणि काटा मधोमध आला एवढ्यावर कॅमेरा आवरू नका.