ओट्यामागची भिंत

२००७ मध्ये गुदैबियातला आमचा पहिला फ्लॅट सोडला, तेव्हा घरमालकाने डिपॉझिटमधून ६० दिनार कापून घेतले. कारण काय, तर स्वयंपाकघरातल्या ओट्यामागची भिंत. बाकी घर आरशासारखं लख्ख करून दिलं होतं, पण त्या भिंतीवर शेगडीच्या बरोबर वर एक मोठा पिवळट डाग होता आणि डागाच्या मधोमध रंगाचे पोपडे निघालेले होते.

खरं सांगायचं तर भिंत तेलाने जितकी खराब झाली त्याहून जास्त ती मी धुऊन खराब केली. घर सोडायच्या आदल्या शुक्रवारी गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा घालून मी ती जोरजोरात घासली. सोड्याने जुनं तेल निघतं, कारण तेलाचा साबणच होतो. पण भिंतीच्या पाण्यावर कालवलेल्या रंगाला ते सोसत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. किटण निघालं, पाठोपाठ रंगही निघाला. शिवाय त्याच पाण्यात मी ॲल्युमिनियमची मोठी कढई बुडवून ठेवली होती, तीही काळी पडली!

६० दिनार म्हणजे तेव्हा आमचा जवळजवळ महिन्याचा किराणा. ते माझ्या इतके मनाला लागले की अदलियाच्या फ्लॅटमध्ये सामान लावायच्या आधी मी ओट्यामागची भिंत पाहिली. टाईल्स जेमतेम दीड फूट, वर पांढरा रंग. मी ठरवून टाकलं की या भिंतीला तेलाचा एक थेंब लागू द्यायचा नाही.

एव्हाना तेल भिंतीवर जातं कसं, याचा मी चांगला अभ्यास केला होता. तळणीचं तेल १७०-१८० अंशांना असतं आणि चकलीच्या पिठात पाणी. चकली तेलात पडली की त्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती मूळ पाण्याच्या दीड हजार पटींहून जास्त जागा घेते. बुडबुडे फुटतात, तेलाचे थेंब उडतात. मोठे थेंब ओट्यावर पडतात, ते आपण पुसतो. बारीक मात्र वाफेबरोबर वर जातात आणि भिंतीवर, कपाटांच्या माथ्यावर बसतात. मग हवा आणि उष्णता लागून ते घट्ट होतात, जवसाचं तेल वाळून व्हार्निश होतं तसे. आपलं शेंगतेल त्या मानाने सावकाश चिकट होतं. इथे आल्यावर आपण सूर्यफुलाच्या आणि मक्याच्या तेलावर आलो, ते फार लवकर चिकटतं. त्यात बहरीनची धूळ. उन्हाळ्यात शमाल वारा सुटला की बंद खिडक्यांच्या फटींतूनही पिठासारखी बारीक धूळ घरात येते आणि नेमकी त्या चिकट्यावर जाऊन बसते. तळताना खिडकी उघडावी म्हटलं तर एसीची हवा जाते, न उघडावी तर तेल घरात राहतं.

तर मी काय काय केलं. आधी वर्तमानपत्रं लावली. ती तेल पिऊन आरपार झाली आणि मजकुराची उलटी छाप भिंतीवर उमटली. मग ॲल्युमिनियम फॉइल. ती दिसायला झकास, पण पुसताना फाटायची आणि दर महिन्याला नवी लावावी लागायची. शेवटी एका दुकानात टाईल्सचं चित्र छापलेला, मागून चिकटणारा प्लास्टिकचा कागद मिळाला. मऊ फडक्याने पुसला की स्वच्छ. मला तर गड जिंकल्यासारखं वाटलं.

२००९ च्या दिवाळीला सासूबाई मिरजेहून आल्या. त्यांना आम्ही सगळेच आई म्हणायचो. लक्ष्मीपूजन १७ ऑक्टोबरला होतं, बाहेर उन्हाळाच चालू होता. आईंनी स्वयंपाकघर पाहिलं, भिंतीवरून हात फिरवला आणि विचारलं, "हे गं काय, भिंतीला रेनकोट?" त्यांच्या मिरजेच्या घरात चुलीची भिंत काळीच असायची. दिवाळीआधी चुन्याचा हात फिरला की पांढरी व्हायची, होळीपर्यंत परत काळी. भिंत जपायची असते हे त्यांच्या गावीही नव्हतं. लग्नाकार्याचं मोठं तळण तर परसात, तीन दगडांवर.

वसुबारसेला आईंनी चकल्या तळायला घेतल्या. मी मागे सोऱ्या फिरवत होते. बर्नरच्या उष्णतेने कागदाचा खालचा डिंक सुटला होता हे मला आधीच दिसलं होतं, दिवाळी झाली की बदलू म्हणून मी ते तसंच ठेवलं होतं. कागद वळला, त्याचं टोक शेगडीवर वाकलं आणि त्याने पेट घेतला. दोन वर्षांचं बारीक तेल त्यावर होतंच. मी पिंपातून तांब्याभर पाणी घेऊन धावले.

"पाणी नको!" आई ओरडल्या. त्यांनी आधी गॅस बंद केला, मग पिठाची परात कढईवर पालथी घातली आणि सांडशीने जळता कागद ओढून सिंकमध्ये टाकला. सगळं मिळून अर्धं मिनिट असेल. तापलेल्या तेलात पाणी पडलं असतं तर पेटतं तेल उडून आम्ही दोघीही त्यात सापडलो असतो. कागद ओढताना वितळलेलं प्लास्टिक आईंच्या मनगटाला चिकटलं. आठवडाभर फोड होता, डाग कायमचा राहिला. मिरजेला नणंदेने विचारलं तेव्हा त्यांनी "चकलीचं तेल उडलं" एवढंच सांगितलं. खरं कारण त्यांनी माहेरच्या माणसांनाही सांगितलं नाही आणि मलाही कधी ऐकवलं नाही. दुसऱ्याच्या मालकीची भिंत वाचवायला मी माझ्या घरातल्या माणसाचा हात भाजवला, हे मी पहिल्यांदा आज लिहिते आहे.

त्यानंतर वर्षभर मी घरात तळण केलंच नाही. पुढच्या हिवाळ्यात ह्यांच्या एका बहरीनी सहकाऱ्याने आम्हाला सखीरला बोलावलं. तिथे थंडीत वाळवंटात तंबूंची आणि कॅरॅव्हॅनची गावंच्या गावं उभी राहतात, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको, पण भारतातल्या वाचकांसाठी सांगते. त्या कॅरॅव्हॅनमधलं स्वयंपाकघर आपल्या देवघराएवढं. दोन बर्नर आणि त्यांच्यामागे वीतभर अंतरावर पातळ लाकडी भिंत. मला दुसरं काही दिसेचना. मी वाकून भिंत पाहिली, बोट फिरवलं. कोरडी ठणठणीत! मी सहकाऱ्याच्या बायकोला विचारलं, तुम्ही ही ठेवता कशी? ती हसायलाच लागली. हिंदी-अरबीची सरमिसळ करत म्हणाली, "यहाँ सिर्फ चाय. तेलवाला सब बर्रा." बर्रा म्हणजे बाहेर. खरंच, बाहेर छपराखाली मोठी शेगडी होती, तिच्यावर मच्छबूसचं पातेलं, बाजूला मासे तळणं चाललेलं. वारा लागू नये म्हणून शेगडीला तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा होता. पत्रा कशालाही चिकटवलेला नव्हता, नुसता उभा होता, आणि त्याच्यावरचं तेल तिची मुलगी कागदाने पुसत होती.

मला आईंचं परस आठवलं. पण फ्लॅटला परस कुठून आणणार? पत्रा मात्र आणता येत होता.

दुसऱ्याच आठवड्यात सलमाबादच्या एका वर्कशॉपमधून आम्ही स्टेनलेस स्टीलचा पत्रा कापून आणला. साडेतीन फूट रुंद, तीन फूट उंच, कडा मुडपलेल्या म्हणजे हात कापू नयेत, आणि खाली आडवा पाय दिलेला. ना डिंक, ना स्क्रू. ओट्यावर नुसता उभा राहतो आणि भिंतीपासून बोटभर सुटा. तळण झालं की पत्रा कोमट असतानाच साबणाच्या पाण्याने पुसायचा, तेल घट्ट व्हायच्या आत. एवढाच काय तो नियम. २०१४ मध्ये आई परत आल्या तेव्हा त्यांनी पत्रा ठोकून पाहिला, मान हलवली आणि दोन किलो भाजणीच्या चकल्या तळल्या. मी शेजारी उभी होते. पुसायला मात्र दोघीही विसरलो. गप्पा रंगल्या होत्या. खालच्या डाव्या कोपऱ्यात एक तपकिरी ओघळ वाळून बसला.

ती त्यांची बहरीनमधली शेवटची दिवाळी. त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली.

या डिसेंबरात आम्ही कायमचे परत चाललो आहोत. परवा नातूर, म्हणजे आमच्या इमारतीचा रखवालदार, घर बघायला आला. मोठ्या रुबाबात मी पत्रा बाजूला केला. मागची भिंत पहिल्या दिवसासारखी पांढरीशुभ्र होती. नातूर बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "मॅडम, ये तो एकदम नया है. लेकिन बाकी किचन पीला दिखता है. पूरा पेंट करना पड़ेगा." आणि खरंच, भिंतीवर साडेतीन फूट बाय तीन फुटांचा पांढरा चौकोन खिडकीसारखा उठून दिसत होता. चौकोन नसता तर भोवतालचा पिवळेपणा कुणाच्या लक्षातही आला नसता. हे इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. रंगाचा डबा आता आम्हीच आणणार आहोत. त्याला ६० दिनार पडत नाहीत, चौकशी केली.

पत्रा मंडळात नव्याने आलेल्या एका जोडप्याला दिला. मुलगी हौशी आहे, पहिल्याच दिवाळीला चकल्या करणार म्हणते. मी तिला गॅस आधी बंद करायचा, कढईवर झाकण घालायचं, पाणी ओतायचं नाही, हे तीनदा बजावलं. तिने पत्रा उजेडात धरला आणि म्हणाली, "काकू, हा कोपरा राहिला वाटतं. मी सोड्याने घासून काढू का?"

मी म्हटलं, "तुझा पत्रा आहे आता. पण नाही घासलास तरी चालेल."