मेन पीकच्या शेजारी

कुरकुंभ एमआयडीसी, नाइट शिफ्ट. एचपीएलसीच्या पडद्यावर मेन पीक उमटला आणि त्याला चिकटून एक बारका पीक. अनोळखी अशुद्धीची मर्यादा ०.१० टक्के, हा ०.०६. बॅच पास, सही केली. पण तो आला कुठून? रिॲक्शन अर्धवट राहिली, की वाळवताना उष्णतेनं काही तुटलं? क्यूसीत हे शोधायला वेळ कुणाकडेच नसतो. ते काम आरअँडडीचं, आणि तिथे एम.एस्सी. ऑरगॅनिक मागतात.

हिशेब. माझी बी.एस्सी. तीन वर्षांची, म्हणजे एम.एस्सी. दोन वर्षं. (धाकट्याने नव्या धोरणातली चार वर्षांची ऑनर्स केली, तर त्याला एकच.) फीपेक्षा बुडणारा पगार मोठा: २४ महिने घरात माझा रुपया नाही. पुढे पीएच.डी.ला जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, नंतर ४२ हजार. पण तिथवर पोचायची ही दोन वर्षं आपल्याच खिशातून. आमच्यासारख्या घरांतली पोरं इथेच गळतात.

कॉलेजच्या सरांना भेटले. नेट, पीएच.डी., सगळं होऊनही नऊ वर्षं सीएचबीवर. तासाचे पैसे, उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही. असा शिक्षक तासांवर मोजणं चूक आहे, हे इथे लिहून ठेवते. म्हणाले, "कॉलेजातल्या नोकरीच्या भरवशावर करू नकोस." मग मस्टर मिटत, "एनएमआर वाचायला नीट शीक. कुठेही उभी राहशील."

आई म्हणाली, "लग्नाचं दोन वर्षं कुणी काढणार नाही, ते माझ्याकडे लागलं." पप्पा गप्प. दुसऱ्या दिवशी जेवताना विचारलं, "पुण्याच्या डेमूचा पास किती बसतो गं?"

म्हणजे होस्टेल नाही. दौंडहून पहाटेची गाडी. प्रॅक्टिकल लांबलं तर घरी यायला रात्र. चालेल.

ॲडमिशनसाठी तहसील कचेरीसमोर शिक्षणातल्या गॅपचं प्रतिज्ञापत्र. टायपिस्टने विचारलं, "गॅपचं कारण?"

"नोकरी."

"लागलेली नोकरी सोडताय? कशाला ओ ताई?"

मी त्या बारक्या पीकचं सांगायला लागले. त्यांनी कीबोर्डवरचे हात काढून घेतले आणि सगळं ऐकलं.