‘ने’ आणि ‘बाय’

दिवाळीत आमच्या खर्ड्याला घरोघर माणसे फराळाला येतात. यंदा एक जण वही घेऊन आला. माझा जुना विद्यार्थी, आता कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. उंबऱ्यातच घुटमळत म्हणाला, “गुरुजी, एवढं इंग्रजी बघून देता का?”

माझ्या हातातली कपबशी उगीचच वाजली. वाचकहो, मी मराठीचा मास्तर. कादंबऱ्या लिहितो त्याही मराठीत. शिक्षण मॅट्रिक! पुढे एक वर्ष कॉलेजात काढले, पण इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर, खांबाच्या आडोशाने. तांबड्या शाईने माखलेला निबंध परत आला की घडी घालून खिशात ठेवायचा आणि चूक काय झाली ते कुणाला विचारायचे नाही. वर्षअखेर गाशा गुंडाळून गावी परतलो. घरी सांगितले, तिकडची हवा मानवली नाही. घरचे अजून तेच खरे धरून चालतात.

“कॉलेजातल्या सरांना विचार की रे.”

“वर्गात लई पोरं, गुरुजी. मोबाईल नीट करून देतो, पण का चुकलं ते कळत नाही. आन् इंग्रजी राहिलं तर आबा म्हणतात, शेतीच बघ.”

मी चष्मा लावला. निबंध गावावरच होता. ११ मार्च १७९५ च्या लढाईत मराठ्यांनी निजामाला हरवले आणि त्याने इथल्या किल्ल्याचा आसरा घेतला, हे त्याने अभिमानाने लिहिले होते. पण वाक्य होते ‘बाय द मराठाज द निजाम डिफीटेड’. ‘नी’ म्हणजे ‘बाय’, हे पोराने पाठच केलेले!

पुढे वाचताना एक मौज दिसली. ‘मी राहतो’, ‘लोक येतात’ ही वाक्ये बिनचूक. ‘तो गेला’, ‘ती आली’ हीही बिनचूक. तांबडी शाई सांडली होती ती ‘त्याने बांधले’, ‘त्यांनी जिंकले’ अशाच ठिकाणी. म्हणजे घोटाळा इंग्रजीचा नव्हताच, माझ्याच विषयाचा होता! मराठीत ‘तो पत्र लिहितो’, पण काल लिहिले असेल तर ‘त्याने पत्र लिहिले’. सकर्मक क्रियापद भूतकाळात गेले की आपला कर्ता ‘ने’ची टोपी घालतो. इंग्रज कर्ता कालही बोडका, आजही बोडका.

हे सांगितले तेव्हा पोराचा चेहरा उजळला. मग माळ्यावरून तर्खडकरांची भाषांतर-पाठमाला खाली आली, पाठोपाठ रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण. यातले पी. सी. रेन एकेकाळी मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते, आणि १९२४ साली त्यांची ‘बो जेस्ट’ ही कादंबरी निघाली. कादंबऱ्या लिहिणारा मास्तर व्याकरणही लिहितो, हे आठवून मला जरा चेव आला.

दिवे लागेपर्यंत आम्ही दोघांनी वीसएक वाक्ये केली. त्यांतली चार माझी चुकली. ती त्याने काढून दाखवली. मी त्यांखाली तांबड्या पेन्सिलीने रेघ ओढली आणि वही त्याच्यापुढेच उघडी ठेवली.

इतक्यात तो थबकला. “गुरुजी, मग ‘तो इंग्रजी शिकला’ यात ‘ने’ कुठं गेला?”

शिकला. विसरला. खरेच की! ‘त्याने शिकला’ कुणीच म्हणत नाही.

“मला नाही येत रे,” मी म्हणालो. “उद्या ये. बघू दोघे मिळून.”

आतून चकल्यांची ताटली आली. त्याने एक तोंडात टाकली, आणि वहीत त्या वाक्यापुढे मोठे प्रश्नचिन्ह काढले.